मास्तरांनी फिरवलेला रस्ता

मास्तरांनी मला फसवलं. शब्द देऊन फसवलं, आणि तेही माझ्याच वर्कशॉपमध्ये, मीच आणलेल्या कापडावर, माझ्या डोळ्यांदेखत. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी चार बरे शब्दही लिहिणार आहे आणि त्यावरून आमचं मिटलं असं कोणी समजू नये. आमचं मिटलेलं नाही.

मास्तर शाळेतले नव्हते. नव्वदच्या दशकात ते मस्कतमध्ये, रुवीतल्या एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होते. मूळचे वसईचे, ख्रिस्ती, माझ्याहून वयाने बरेच मोठे. बायको-मुलं वसईला. त्यांना मास्तर म्हणायचं कारण एवढंच, की ते भेटेल त्याला कुठे उभं राहायचं ते शिकवत. तुम्ही त्यांना रस्त्यात गाठून काही सांगायला लागलात की ते तुमचं कोपर धरून तुम्हाला थोडं बाजूला नेत. "इथून नाही. हां, इथे. आता बोल." मग तुमचं ऐकताना एक डोळा मिटून तुमच्या खांद्यावरून मागची इमारत बघत. कोणाच्या घरी कोण वारलं हे सांगायला गेलेल्या माणसालाही त्यांनी असंच सरकवलेलं मी पाहिलं आहे.

रुवीत मल्याळ्याच्या हॉटेलात त्यांची एक ठरलेली खुर्ची होती. तिथून समोरचा रस्ता थेट डोंगरापर्यंत दिसायचा. त्या खुर्चीवर कोणी बसलेलं असलं की मास्तर हातात चहाचा ग्लास घेऊन त्या माणसाच्या मागे उभे राहत. बोलत काही नसत. माणूस दोन मिनिटांत अस्वस्थ होऊन उठे. मला हे फार आवडायचं. एक शब्द न बोलता समोरच्याला उठवणं हे मला आयुष्यभर साधलं नाही. मी आवाज चढवतो.

आमची ओळख एका पट्टीवरून झाली. माझं सुतारकामाचं वर्कशॉप वादी कबीरला. देवगडकडून सुतार म्हणून आलो, दुसऱ्याच्या हाताखाली रंधा मारला, मग एक बरा अर्बाब, म्हणजे ज्याच्या नावावर परवाना निघतो तो स्थानिक मालक, मिळाला आणि स्वतःचं सुरू केलं. एका दुपारी हा माणूस आला आणि म्हणाला, लांब सरळ पट्टी हवी, लाकडाची. मी दिली. त्यांनी ती उचलली, एक टोक डोळ्याशी आणलं, दुसरा डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली. आम्ही सुतार फळी घेताना तेच करतो. फळीला बाक आहे की नाही ते असंच कळतं. बाहेरच्या कोणाला असं करताना मी तोवर बघितलं नव्हतं.

"बाक आहे," ते म्हणाले.

"माझ्या पट्टीला बाक नाही."

"मेस्त्री, तुझ्या डोळ्याला आहे मग."

मला 'मेस्त्री' म्हणणं मी लोकांना केव्हाच सोडायला लावलं होतं. वर्कशॉपचा मालक होतो. पण मी पट्टी डोळ्याला लावून बघितली, आणि बाक होता. मी दुसरी पट्टी काढून दिली. त्या दिवसापासून ते मला मेस्त्रीच म्हणत आले, आणि मी ते चालवून घेतलं.

त्यांचं वेड म्हणजे जुन्या काळची शहरांची चित्रं. सतराव्या-अठराव्या शतकातली, रोमची आणि व्हेनिसची, बरोक पद्धतीची. बरोक हा शब्द मला धंद्यामुळे ठाऊक होता. सोनेरी वेलबुट्टीचे, वाकड्या पायांचे सोफे आमच्याकडे त्या नावाने खपत. मी तसं म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "ते बरोक नाही रे बाबा, ती मिठाई आहे."

रोम त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहिला होता तो वसईचा किल्ला. लहानपणापासून ते किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये कागद घेऊन बसत. छप्पर नाही, दरवाजा शाबूत, आणि दरवाजाच्या कमानीतून पलीकडे नुसती झुडपं. त्या झुडपांच्या जागी त्यांनी मनाने एक अख्खं शहर बसवलं होतं, चौक, कारंजी, जिने, घुमट, आणि पुढे पुस्तकांत ती रोमची चित्रं पाहिल्यावर त्यांना वाटलं की आपलंच शहर कोणीतरी आधी काढून ठेवलं आहे.

मस्कतमध्ये ते रुवी काढत. ऑफिसातल्या टाकाऊ नकाशांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, टोकदार पेन्सिलीने, शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की. पण ती रुवी बघून मी पहिल्यांदा हसलो होतो. मनी एक्स्चेंजची इमारत होती, साडीच्या दुकानाचे सज्जे होते, डोंगर होता. पण रस्ता मैदानासारखा रुंद, आणि डोंगर सरकून बरोबर रस्त्याच्या शेवटी, देवळाच्या कळसासारखा उभा.

"मास्तर, हे खोटं आहे. डोंगर डाव्या हाताला आहे."

"डोंगराशी बोललो मी. म्हणाला, येतो थोडा इकडे."

"आणि रस्ता?"

"इमारतींना सांगितलं, जरा मागे सरा, तुमचेच चेहरे दिसत नाहीत. त्या रोमवाल्यांनी पण हेच केलं. गाव जसं आहे तसं कोण काढतं? गावाशी घासाघीस करायची. तू लाकडाशी करतोस तशी. थोडं त्याने सोडायचं, थोडं आपण."

हे मला पटलं. चित्रातलं मला काही कळत नाही, पण घासाघीस कळते. त्या कागदावर प्रत्येक इमारतीने काहीतरी सोडलं होतं आणि काहीतरी मिळवलं होतं, आणि सगळ्या रेषा शिस्तीत दूरच्या एका टिंबाकडे पळत होत्या. मी तो कागद मागितला. त्यांनी दिला नाही. बदल्यात टेबल देतो म्हटलं, तरी दिला नाही. माणूस सोपा नव्हता.

राजाची गोष्ट त्यांनी मला त्याच हॉटेलात सांगितली. त्या बरोकच्या काळी रोमच्या बाजूला राजेलोकांची नाटकघरं असत. रंगमंचाच्या मागे पडद्यावर शहराचा रस्ता रंगवलेला असे. दोन्ही बाजूंना घरं लहान लहान होत जाणारी, मधोमध लांब जाणारा सरळ रस्ता. इतका हुबेहूब, की उठून चालत जावंसं वाटावं. पण तो रस्ता फक्त एका जागेवरून खरा दिसायचा. चित्रकार आधी राजाची खुर्ची कुठे ते ठरवून घेई, तिथून सुतळी ताणून रंगमंचावर टिंब नक्की करी, आणि मग सगळ्या रेषा त्या टिंबाकडे नेई.

"राजाला सगळं सरळ," मास्तर म्हणाले. "बाजूच्या राणीला जरासं वाकडं. आणि दरबारी जितका कडेला, तितकी त्याला घरं कोसळल्यासारखी. नाटक बघायला बसलं की ज्याचा त्याला कळायचा आपला वट किती."

मी चहा तसाच ठेवला. मला माझं मंडळ दिसत होतं.

आमचं मराठी मंडळ वर्षातून एक नाटक करायचं, वादी कबीरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. स्टेजची चौकट माझी, फळ्या माझ्या, माणसं माझी. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे लागत, तेही माझ्या शोरूममधले, प्लास्टिक न काढलेले. त्या सोफ्यांवर मदिनत सुलतान काबूसच्या बड्या वस्तीत राहणारे डॉक्टर, बँकवाले, त्यांच्या बायका बसत. अध्यक्षही डॉक्टरच. "तुमच्याशिवाय आपलं पान हलत नाही हं," असं ते मला दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी मी मागच्या दारापाशी उभा, कारण स्टेजवर काही निखळलं तर सुतार हाताशी हवा. माझी बायको मागच्या रांगांत बायकांमध्ये बसायची. घरी आल्यावर सांगायची, "अहो, ऐकू येतं हो सगळं, दिसत तेवढं नाही." मी जेवताना ताट सरकवून उठायचो. माझा राग तिच्यावर नसायचा, पण ताट तिनेच वाढलेलं असायचं.

त्या वर्षीच्या नाटकाला शहराच्या रस्त्याचा पडदा हवा होता. मी मास्तरांना वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि सौदा मांडला.

"कापड माझं, रंग माझा, जागा माझी, चौकट माझी. तुम्ही रस्ता काढा. राजाचा रस्ता. पण त्याची खुर्ची मी सांगेन तिथे."

"कुठे?"

"हॉलच्या मधोमध. आणि तिथे मी बसणार."

त्यांनी एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "मध्ये तर जायची वाट आहे, मेस्त्री."

"वाटेतच ठेवणार."

"अध्यक्ष?"

"त्यांचं मी बघतो. तुम्ही हो म्हणा."

"बरं," ते म्हणाले. "तुला बसायचंय तर बस. तुझ्यासाठी काढतो."

तुझ्यासाठी काढतो. हे त्यांचे शब्द. मी त्यात भर घातलेली नाही. त्यांनी लगेच एक लहान चित्रही करून दाखवलं: मधोमध सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कमानी. मी ते हातात धरून हो म्हटलं.

अध्यक्षांना मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. "खुर्ची मधल्या वाटेत? लोक जाणार कुठून?"

"बाजूने."

"आणि चीफ गेस्ट?"

"तेही बाजूने, डॉक्टर. नाहीतर सोफ्यांचं तुम्ही बघा."

ते म्हणाले, "तुम्ही फार विचित्र माणूस आहात." सौदा झाला.

शाळेच्या हॉलमध्ये मास्तर स्वतः माझ्याबरोबर आले. स्टेजच्या मध्यापासून सुतळी ताणली. मी दुसरं टोक धरून वाटेत बसलो, तर त्यांनी माझ्या डोळ्यांची उंचीसुद्धा मापून घेतली. जमिनीवर खडूने फुली केली. "इथे," म्हणाले. त्या फुलीकडे बघताना मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आताही सांगत नाही.

पुढचे सगळे शुक्रवार मास्तर माझ्या वर्कशॉपमध्ये होते. चर्चमधून थेट येत, बूट काढून कापडावर चढत. कापड जमिनीवर पसरलेलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लांब दांड्याला ब्रश बांधून ते उभ्यानेच रेषा मारत आणि मी त्यांना चहा पुरवत असे. आणि इथे मी फसलो. मी कधी फळी उलटून बघितल्याशिवाय घेतली नाही. गाठ कुठे आहे, भेग कुठे आहे, मला अंधारात कळतं. पण तो पडदा आडवा होता. त्यावर उभं राहिलं की पायाखाली फक्त निळे-तांबूस पट्टे आणि तिरप्या रेषा दिसत. रस्ता कुठे जातोय ते जमिनीवरून कळायला मार्ग नव्हता. मी दोनदा विचारलं.

"मास्तर, ही रेषा बाहेर कुठे चालली?"

"जाईल ती बरोबर. तू चहा आण."

"टिंब कुठे आहे?"

"सांभाळून, ओलं आहे तिथे."

काम संपलं तसं त्यांनी पडदा स्वतः गुंडाळला आणि वाळायला हवा म्हणून नाटकाच्या दिवसापर्यंत कोणाला उलगडू दिला नाही.

नाटक शुक्रवारी दुपारी चारला होतं. मी शिसवीची हातांची खुर्ची आणली होती, माझी स्वतःची बनवलेली. ती फुलीवर ठेवून मी बसलो. लोक दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. प्रमुख पाहुणे आणि त्यांची बायको माझ्या खुर्चीपाशी क्षणभर थांबले, मग बाजूने गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "हे कोण, इन्स्पेक्टर?" दोघंतिघं हसले. मी वळलो नाही.

दर्शनी पडदा वर गेला.

समोर रस्ता नव्हता. माझ्या बरोबर समोर एका मोठ्या इमारतीचा कोपरा होता. उभी दगडी कड, वर सज्जा, खाली बंद दार. रस्ते होते, पण दोन, त्या कोपऱ्याच्या उजव्या आणि डाव्या बाजूने तिरपे पळत गेलेले, कमानींमागून कमानी, दूर कुठेतरी पडद्याच्या बाहेर जाऊन संपणारे. डावीकडे घुमट, उजवीकडे कारंजं आणि त्यामागे आमचा रुवीचा डोंगर. हॉलभर टाळ्या पडल्या. एकाही पात्राने अजून तोंड उघडलं नव्हतं. पार मागून, दारापाशी उभ्या असलेल्या माणसांतून कोणीतरी शिटी मारली.

मी डोळा मिटून बघितलं. मान खाली घेतली, वर घेतली. कोपरा हलला नाही.

मध्यंतरात मी खुर्ची सोडून हॉलभर फिरलो. सोफ्यांपाशी उभा राहून बघितलं. खिडकीकडच्या कडेला, जिथून दरवर्षी अर्धं स्टेज दिसायचं नाही, तिथून बघितलं. मागच्या दारापाशी गेलो, माझ्या नेहमीच्या जागी. कुठूनही ते शहर कोसळत नव्हतं. कोणाला उजवा रस्ता जास्त मिळत होता, कोणाला डावा, एवढंच. मागच्या रांगेतून बायकोने हात केला. तिच्या शेजारी जागा रिकामी होती. मी जाऊन बसलो.

"मास्तरांनी काय सुंदर काढलंय हो," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा वाटलं, आपण पण आत आहोत."

दुसरा अंक तिथूनच बघितला, म्हणजे बघितला नाही.

संपल्यावर बाहेर पिकअपमध्ये सामान चढत होतं. मास्तर एका बाजूला उभे राहून मावळतीकडे बघत होते. मी जाऊन त्यांची कॉलर धरली नाही, एवढंच. आवाज मात्र पूर्ण लावला.

"शब्द काय होता आपला?"

"हळू, मेस्त्री. लोक बघतायत."

"बघू देत. शब्द काय होता?"

"राजाचा रस्ता जुना झाला रे. राजाच्या नाटकघरांत काही काळ चाललं ते, मग तिकडच्याच पडदेवाल्यांनी रस्ता फिरवला. कोपरा पुढे आणला, दोन्हीकडे दोन वाटा काढल्या. तेव्हापासून खुर्ची कुठेही असली तरी चालतं. बरोकमधली सगळ्यात मोठी युक्ती आहे ती. सगळ्यांना दिसलं की नाही?"

"मला नाही दिसलं."

"तुलाही दिसलं. कोपरा दिसला. तो कोणालाच तुझ्याइतका नीट दिसला नसेल."

"मला कोपरा नको होता. मी मागितलं काय होतं?"

तेव्हा त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला सरकवायला गेले. मी हात झटकला. "खलास," मी म्हटलं. "आपलं संपलं." त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि चालत निघाले. मी पिकअपमध्ये त्यांची जागा ठेवली होती, ती रिकामी गेली.

त्यानंतर ते हॉटेलात दिसले की मी समोरच्या बाकावर बसत असे, पाठ करून. ऑफिसांत कॉम्प्युटर आले, हाताने काढणारी माणसं एकेक करून परत जायला लागली, त्यात मास्तरही गेले. जाण्याआधी वर्कशॉपवर आले होते म्हणे. मी कामावर सोहारला होतो. माझ्या माणसाकडे ते एक गुंडाळी ठेवून गेले. आत तो रुवीचा कागद होता, जो मी टेबलाच्या बदल्यात मागितला होता. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. माफी नाही. मी तो भिंतीवर लावलेला नाही. टाकलेलाही नाही.

पडदा माझ्या गोदामात राहिला. मंडळाने तो पुढची कितीतरी नाटकं वापरला. मग गुजराती लोक मागायला आले, मग मल्याळी. सगळ्यांचं एकच म्हणणं, या पडद्याला कुठूनही बघा. मी दरवेळी दिला. मोबदला घेतला नाही, कारण त्याचा मोबदला ठरवायचा तर त्याची किंमत मान्य करावी लागली असती. खुर्ची मात्र पुन्हा कधी वाटेत ठेवली नाही. दोन हजार सालानंतर मंडळाने मला उपाध्यक्ष केलं, सोफ्यावर जागा दिली. मी बायकोला घेऊन मागे बसतो. तिला तिथली सवय आहे.

आता मास्तर वसईला आहेत. वाडीत केळी आहेत, प्रकृती ठीक आहे, अजून काढतात, असं तिकडून आलेले लोक सांगतात. "मेस्त्री रागावलाय का अजून?" असं विचारतात म्हणे. म्हणून हे लिहिलं. हो, रागावलाय.

मास्तर, रस्ता तुम्ही सगळ्यांना दिलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बायको त्या दिवशी काय म्हणाली ते मी वर लिहिलंच आहे. तक्रार वेगळी आहे. तुम्ही सुतळी ताणलीत, माझ्या डोळ्यांची उंची मापलीत, मला त्या फुलीवर बसवलंत, आणि हे सगळं करताना तुम्हाला ठाऊक होतं की टिंब तिथे नाही. एवढे शुक्रवार तुम्ही माझ्यासमोर होतात. एकदा ब्रश खाली ठेवून म्हणायचं होतं, मेस्त्री, ही जागा सोड, सगळ्यांना दिसेल असं करू. मी भांडलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. मग काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नव्हतं. मी हट्टी आहे, भाव पाडून घेणारा आहे, सगळं कबूल. पण समोर बसून कोणी काही मागितलं तर ते द्यायचं की नाही हे मी ठरवतो. ते तुम्ही परस्पर ठरवलंत. माझ्या वतीने माझं 'नाही' तुम्हीच म्हणून टाकलंत आणि माझी जागा वाटून मोकळे झालात.

हा माणूस आपली जागा देणार नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मला उत्तर हवं आहे. कागद नको, चित्र नको. तुमच्या तोंडून हवं आहे.